शोधलं आणि सापडलं

सकाळी साडेआठला बाईंचा फोन आला. शाळेत मला मराठी शिकवलेल्या बाई, आता रिटायर आहेत, आणि गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय, रोज दुपारी दोन ते पाच, रविवारसुद्धा. म्हणाल्या, "अरे, परवाच्या अंकातलं एक पान मला परत बघायचंय, लेखकाचं नाव पुसट झालंय, मोठं करून बघितलं तर लागेल असं वाटतं. पण इथे फोल्डर रिकामं आहे. तू वर हलवलीस ना पानं? तेवढं एक पाठव ना." मी म्हटलं हो बाई, पाच मिनिटात पाठवतो. कारण रोज रात्री माझी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांड लिहून ठेवलेली फाइल, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरची पानं सर्व्हरवर पाठवते, पोचली की नाही ते तपासते, पोचली असतील तर वाचनालयातली काढून टाकते (तिथली डिस्क छोटी आहे, दुसरा इलाज नव्हता), आणि मला एक मेसेज टाकते, 'आजची पानं पोचली'. त्या दिवशी सकाळीही आला होता तो मेसेज. लॅपटॉप उघडला, सर्व्हरवर गेलो, तर नऊ दिवसांपूर्वीच्या पुढे एकही पान नाही.

नऊ दिवस. १२६३ पानं. आकडा मला बाईंच्या वहीतून कळला, त्या रोजचा हिशोब वहीत लिहितात, अंक कुठला, साल कुठलं, पानं किती. माझ्याकडे फक्त नऊ मेसेज होते, सगळे सारखे.

आता ज्यांनी जुने अंक हाताळलेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो की १९५०च्या आसपासचा स्वस्त कागद आता बिस्किटासारखा झालाय. पान सपाट बसावं म्हणून बाईंनी बाइंडरकडून शिवण उसवून घेतली होती, एकेक पान दोन्ही हातांनी उचलून काचेवर ठेवायचं, झाकण दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. असं पान एकदा स्कॅन होतं, दुसऱ्यांदा होईलच याची खात्री नसते. मी बाईंना फोन करून सांगितलं काय झालंय ते, माझ्या स्क्रिप्टची चूक आहे हेही सांगितलं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरं. अंक अजून कपाटातच आहेत, परत करू." आणि केली त्यांनी, पुढचे पंधरा दिवस. त्यात एका अंकातल्या कवितेच्या पानाचा खालचा डावा कोपरा हातातच तुटला. तुटला म्हणजे चुरा झाला, चार-पाच तुकडे आणि बाकी भुकटी. शेवटच्या दोन ओळींची सुरुवात त्या कोपऱ्यात होती. पहिल्या स्कॅनमध्ये ती पूर्ण होती, आणि तो स्कॅन मी पुसला होता. बाईंनी ते तुकडे पाकिटात घालून, वर अंकाचं नाव आणि पान नंबर लिहून ठेवलेत.

हे सगळं झालं कशामुळे, तर एका शून्यामुळे. ते शून्य मला नीट समजावून सांगायचंय, कारण तेव्हापासून मी जिथे जिथे बघतोय, ऑफिसात, ओळखीच्यांच्या स्क्रिप्टमध्ये, तिथे ही चूक मला दिसतेय.

शेलमध्ये, म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड जिथे चालतात तिथे, कुठलाही प्रोग्रॅम संपला की जाताना एक आकडा मागे ठेवून जातो, ० ते २५५ मधला. त्याला एक्झिट कोड म्हणायचं. ० म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं. शून्यच का, तर झालं याचा प्रकार एकच असतो आणि बिघडायचे प्रकार शंभर असतात, म्हणून बिघाडाला आकडे जास्त ठेवलेत. तो आकडा $? या जोडीत मिळतो, डॉलर आणि प्रश्नचिन्ह. स्क्रिप्टमध्ये आपण विचारतो, शून्य आहे का? असेल तर पुढे जा. माझ्या स्क्रिप्टने हेच केलं होतं. सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर कमांड चालवायच्या सोयीने, फाइंड ही कमांड चालवली, आजच्या तारखेच्या टिफ फाइली, म्हणजे स्कॅन केलेली पानं, शोध म्हणून, आणि विचारलं, शून्य आलं का? आलं. मग काय, पानं पोचली म्हणायची आणि वाचनालयातली पुसायची.

ज्याच्याकडे लिनक्स किंवा मॅक आहे त्याने आत्ता करून बघावं. टर्मिनल उघडा, फाइंडला सांगा की या फोल्डरमध्ये 'अबकड' नावाची फाइल शोध, जी नाहीये हे तुम्हाला माहितीय. एंटर मारा. काहीही छापून येत नाही, थेट पुढचा प्रॉम्प्ट. आता $? छापून बघा. शून्य.

मी त्या दिवशी हे सात-आठ वेळा केलं. रिकामी ओळ, शून्य. रिकामी ओळ, शून्य. इतकी वर्षं फाइंड वापरतोय, दिवसातून दहा वेळा, पण समोर बसून वापरताना डोळे स्क्रीनवर असतात, काही आलं नाही तर नाही सापडलं हे आपलं आपल्यालाच कळतं. एक्झिट कोड कोण बघतो? तो स्क्रिप्टने बघायचा असतो, आणि तिला डोळे नसतात, तिला तेवढा एकच आकडा दिसतो.

आणि फाइंडने खोटं सांगितलं का, तर अजिबात नाही. मॅन्युअलात स्वच्छ लिहिलंय की सगळ्या फाइली नीट बघून झाल्या तर ०, बघताना कुठे अडचण आली तर शून्याहून मोठा. सापडलं की नाही याबद्दल तो आकडा बोलतच नाही. फाइंडचं काम म्हणजे फोल्डरमागून फोल्डर फिरत जायचं, आणि फिरून झालं की सांगायचं, साहेब, सगळीकडे जाऊन आलो. आणि विचार केला तर ते बरोबरच आहे. तीस दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली, म्हणजे प्रोग्रॅमनी लिहून ठेवलेल्या नोंदी, पुसून टाक असं काम रोज रात्री लावलं आणि एखाद्या रात्री तेवढी जुनी फाइल एकही नसली, तर तो काही बिघाड नाही, त्या रात्री फाइंडने बोंब मारायचं कारण नाही.

मला वाटतं घोटाळा नावात आहे. इंग्रजी नाव सापडण्याचं आहे आणि काम शोधण्याचं. आपल्याकडे ही दोन क्रियापदं किती वेगळी आहेत बघा. शोधणं मी करतो, सापडणं मला होतं. 'मी शोधलं' म्हणता येतं, 'मी सापडलं' म्हणता येत नाही, 'मला सापडलं' म्हणावं लागतं. लहानपणी 'आई, कंपासपेटी सापडत नाहीये' म्हटलं की आतून आवाज यायचा, 'नीट शोधलीस का?' म्हणजे ती आधी शोधणं झालं का ते तपासून घ्यायची, सापडण्याची गोष्ट त्यानंतर. या कमांडचं नाव कुणी 'शोध' ठेवलं असतं तर मला नाही वाटत मी त्या शून्यावर १२६३ पानं पुसली असती. शोधलं का? शोधलं. मग पुढे साहजिकच जिभेवर आलं असतं, आणि सापडलं का?

याच्या बरोबर उलटी ग्रेप. फाइलीतला मजकूर शोधणारी ही कमांड केन थॉम्पसन यांनी लिहिलेली, आणि बेल लॅब्जमधून १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सातवी आवृत्ती आली, जिच्यात स्टीफन बोर्न यांचं शेल होतं, तिच्या मॅन्युअलातही ग्रेपचे तीन आकडे दिलेले आहेत. ० म्हणजे सापडलं, १ म्हणजे नाही सापडलं, २ म्हणजे शोधताच आलं नाही, फाइल उघडली नाही किंवा तुम्ही दिलेला नमुनाच चुकीचा होता. तीन उत्तरं. मला ही फार सुंदर रचना वाटते, आणि ती सुंदर का वाटते ते मला घरातूनच कळलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत होते, त्यातली बरीच वर्षं रेकॉर्ड रूमला. सुट्टीत डबा द्यायला मी जायचो तेव्हा बघितलेली ती खोली, छतापर्यंत लोखंडी रॅक, लाल कापडात बांधलेले गठ्ठे, आणि टेबलावर नकलांचे अर्ज. कुणाला आजोबांच्या जन्माची नोंद हवी असायची, गाव नमुना १४ मधली, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, जातीच्या दाखल्याला लागतं म्हणून. कुणाला जुना फेरफार. आप्पा गठ्ठा काढायचे, सोडायचे, पान-पान बघायचे आणि मग अर्जावर शेरा मारायचे. शेरे तीन प्रकारचे. एक, नक्कल दिली. दोन, शोध घेतला असता आढळ होत नाही. तीन, अभिलेख जीर्ण असल्याने पाहता येत नाही. मी बाईंच्या पानांचा प्रकार घडल्यावर आप्पांना हे सगळं सांगत होतो, ग्रेपचे तीन आकडे सांगितले, तर ते म्हणाले, "मग बरोबर आहे, तीनच असतात." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे म्हणाले ते मात्र मला लागलं. म्हणाले, दुसरा आणि तिसरा शेरा यात गल्लत झाली तर माणूस फुकट मरतो. आढळ होत नाही म्हटलं तर त्याने दुसऱ्या गावचं दप्तर बघायचं, शाळेचा दाखला शोधायचा. जीर्ण म्हटलं तर नोंद तिथेच असू शकते, वरच्या कचेरीत प्रत आहे का ते विचारायचं. दोघांना नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवलं तर एकजण चुकीच्या दारात आयुष्यभर उभा राहतो.

शेल स्क्रिप्टमधलं साधं 'इफ' नेमकं हेच करतं. ते विचारतं शून्य की शून्य नाही, बस. ग्रेपचा १ आणि ग्रेपचा २ त्याला सारखेच, दोन्ही 'नाही'. समजा तुम्ही लॉगमध्ये एररचा शब्द शोधताय, आणि ठरवलंय की ग्रेपला काही नाही मिळालं तर सगळं ठीक असा मेसेज टाकायचा. उद्या लॉग फाइलच गायब झाली, किंवा ती वाचायची परवानगी गेली, तर ग्रेप २ देईल, इफ त्याला 'नाही' समजेल, आणि मेसेज जाईल, सगळं ठीक. माझ्या चुकीचीच ही सख्खी बहीण. कंसातल्या टेस्टचंही तसंच, ० खरं, १ खोटं, २ म्हणजे टेस्टच चुकीची लिहिलीय. एका नावाऐवजी तारांकन, म्हणजे 'कुठलंही नाव चालेल' असं चिन्ह, लावून फाइल आहे का विचारलं, आणि तारांकनाला दोन-तीन फाइली जुळल्या, तर टेस्ट गोंधळते, २ देते, आणि इफच्या लेखी फाइल नाहीच. म्हणजे एक असेल तर आहे, आणि जास्त असल्या तर नाही.

बरं, माझी पानं मुळात पोचली का नाहीत तेही सांगायला हवं, कारण तिथेही एक शून्य लपलेलं होतं. सर्व्हरची डिस्क भरली होती. पानं पाठवायचं काम आरसिंक करतं, आणि आरसिंकने इमानदारीत ११ आकडा दिला होता, फाइल लिहिताना अडचण आली म्हणून. पण मी आरसिंकचं बोलणं लॉगमध्येही जावं आणि स्क्रीनवरही दिसावं म्हणून पाइप लावून, म्हणजे एका कमांडने छापलेलं दुसरीच्या हातात देऊन, पुढे टी नावाची कमांड जोडली होती. पाइपमध्ये कितीही कमांड जोडा, शेलला शेवटच्याचाच आकडा दिसतो. टी ने तिचं काम चोख केलं, लॉग लिहिला, शून्य दिलं. लॉगमध्ये 'डिस्कवर जागा नाही' हे वाक्य नऊ दिवस रोज छापलं जात होतं, आणि मी लॉग उघडला नाही कारण मेसेज येत होता की पानं पोचली. पाठवण्याने शून्य म्हटलं, तपासणीने शून्य म्हटलं, दोघांनी खरंच सांगितलं, फक्त मी विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि त्यांनी दिलेलं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं होतं.

दुरुस्ती करायला बसलो तेव्हा पहिल्यांदा जे सुचलं ते सगळ्यांना सुचतं. फाइंड शोधू दे, आणि तिचं जे काही छापून येईल ते पाइपने ग्रेपला दे, ग्रेपला सांग की एखादं तरी अक्षर आलं का बघ, गप्प बसून, म्हणजे -क्यू लावून. अक्षर आलं तर ०, नाही आलं तर १. शोधणाऱ्याच्या मागे सापडलं का विचारणारा उभा केला. चांगलाच उपाय आहे, छोट्या कामाला मी आजही वापरतो. आणि आरसिंकच्या वेळी पोळलो होतो म्हणून वर बॅश या शेलचं पाइपफेलही चालू केलं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड बिघडली तरी पूर्ण पाइप बिघडला असं धरायचं. ही नवी तपासणी थेट सर्व्हरवरच बसवली. वाटलं आता काही सुटणार नाही.

महिनाभर छान चाललं. मग एका दिवशी वाचनालयात कॉलेजची तीन मुलं मदतीला आली, दुसरा स्कॅनर आणला, आणि एका दिवसात सहाशेच्या वर पानं झाली. त्या रात्री मेसेज आला, पानं पोचली नाहीत. मी धावत जाऊन बघितलं तर सगळी पोचलेली. परत हाताने स्क्रिप्ट चालवली, नाही म्हणाली. सहाशे पानं समोर दिसतायत आणि स्क्रिप्ट म्हणतेय नाहीत. आकडा छापला तर १४१.

हा १४१ समजायला मला ती पूर्ण रात्र गेली, पण समजला तेव्हा बरं वाटलं. १२८ च्या वरचे आकडे शेल तेव्हा देतं जेव्हा प्रोग्रॅम स्वतःहून संपलेला नसतो, त्याला सिग्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या हुकमाने, मारलेलं असतं. १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवायचा. १३ नंबरचा सिग्नल म्हणजे पाइप तुटला. झालं असं की ग्रेप -क्यू ला पहिलं अक्षर मिळालं की तिचं काम संपतं, ती ० देऊन निघून जाते, वाट बघत नाही. फाइंडच्या हातात अजून शेकडो नावं आहेत, ती पाइपमध्ये ओतायला जाते तर पलीकडे घ्यायला कोणी नाही, मग कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तिला १३ नंबरचा सिग्नल देतो आणि ती मरते, १४१. पाइपफेल चालू असल्यामुळे शेल म्हणतं पाइप बिघडला. म्हणजे सापडलं होतं, लगेच सापडलं होतं, आणि भरपूर सापडलं होतं म्हणूनच 'नाही' उत्तर आलं. पानं थोडी असली की फाइंड सगळी नावं एका दमात देऊन मोकळी होते, तेव्हा काही होत नाही. असे दोष टेस्टिंगमध्ये सापडत नाहीत कारण टेस्टिंगला आपण चार फाइली ठेवतो. नशीब हे की यावेळी चूक 'नाही'च्या बाजूने झाली, काही पुसलं गेलं नाही, आणि तेव्हापासून माझा एक हट्ट आहे की जिथे पुढे पुसायचं काम आहे तिथे शंका असली की उत्तर 'नाही'च यायला हवं.

आत्ता जे चालू आहे ते असं. फाइंडला सांगतो की पहिली फाइल मिळाली की नाव छाप आणि थांब, त्यासाठी -प्रिंट आणि पाठोपाठ -क्विट. ते नाव एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमधल्या नाव दिलेल्या कप्प्यात, घेतो आणि लगेच पुढच्याच ओळीत $? दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये साठवतो. लगेच म्हणजे लगेचच, मध्ये एक एको, म्हणजे मजकूर छापायची कमांडसुद्धा नको, कारण प्रत्येक कमांड तो आकडा पुसून स्वतःचा ठेवते, आणि मध्ये 'तपासतोय' असं छापलंत तर पुढे तुम्ही बघताय तो छापण्याचा आकडा. अजून एक, फंक्शनमध्ये असाल तर व्हेरिएबल लोकल म्हणून आधी वेगळ्या ओळीत जाहीर करा आणि मग त्यात फाइंडचं उत्तर घ्या. दोन्ही एकाच ओळीत केलंत तर शेवटचा आकडा लोकल या कमांडचा असतो, जो नेहमी शून्यच येतो. हे मला एका ज्युनिअर मुलीने दाखवलं, तिच्या कोडमध्ये तिला स्वतःलाच सापडलं होतं, आणि मी माझ्या जुन्या स्क्रिप्ट चाळल्या तर अकरा ठिकाणी होतं.

मग दोन गोष्टी मिळून तीन उत्तरं बनतात. फाइंडचा आकडा शून्य नाही, तर शोधता आलं नाही. आकडा शून्य आणि नाव रिकामं, तर नाही सापडलं. आकडा शून्य आणि नाव हातात, तर सापडलं. मध्ये एसएसएच असेल तर तिचा २५५ वेगळा काढायचा, तो म्हणजे सर्व्हरपर्यंत जाताच आलं नाही, बाकी आकडे पलीकडच्या कमांडचे जसेच्या तसे येतात. आणि पुसायच्या आधी एवढ्यावर थांबत नाही, कारण एक पान सापडलं म्हणजे सगळी पोचली असं कुठे आहे. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पानाचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून यादी करतो, ती यादी सर्व्हरवर नेऊन पडताळतो. ती कमांड मला आवडते, एक पान जरी जुळलं नाही तरी शून्य देत नाही, आणि यादीच रिकामी असली तर तेही चूक धरते, रिकाम्याला 'सगळं जुळलं' म्हणत नाही.

रिकाम्याला काय म्हणायचं, यावर प्रत्येक कमांडचं मत वेगळं आहे, आणि तेच माहीत असावं लागतं. फाइंडचा निकाल एक्सआर्ग्जमधून, म्हणजे मिळालेली नावं पुढच्या कमांडला पुरवणाऱ्या कमांडमधून, फाइलींची यादी छापणाऱ्या एलएसला द्यायची पद्धत फार आहे. लिनक्सवर काहीच सापडलं नाही तरी एक्सआर्ग्ज एलएसला एकदा चालवतंच, आणि काही नाव न देता चालवलेली एलएस चालू फोल्डरची यादी छापते. म्हणजे सापडलं काही नाही आणि समोर भलत्याच फाइलींची यादी, वर शून्य. -आर लावलं की रिकाम्यावर चालत नाही, ते लावायची सवय ठेवावी. फाइंडमध्येच -एक्झेकने पुढची कमांड जोडत असाल तर शेवटी अर्धविराम दिलात की त्या कमांडचं अपयश फाइंडच्या आकड्यात येत नाही, अधिकचं चिन्ह दिलंत तर येतं. एका चिन्हाचा फरक आहे.

आणि सेट -ई. स्क्रिप्टच्या वर हे लिहिलं की कुठलीही कमांड बिघडली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, असं सगळे सांगतात, मग ग्रेपला काही सापडलं नाही की तिचा १ बघून स्क्रिप्ट मरते, मग लोक वैतागून ग्रेपच्या पुढे '||' घालून ट्रू लिहितात, की काहीही झालं तरी चल पुढे. मी हे कुणाच्याही कोडमध्ये बघितलं की आता बोलतो. त्या दोन उभ्या रेघांनी १ बरोबर २ सुद्धा गिळला. नाही सापडलं हे चालणार होतं तुम्हाला, पण शोधताच आलं नाही हे पण चालणार आहे का? चालणार नसेल तर आकडा साठवा, १ पर्यंत सोडा, त्याच्या वर थांबा. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण तिसऱ्या शेऱ्याला जागा मिळते.

क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, विसंबू नका हेही सांगतो, बऱ्याच जणांना वाटतं की काम बिघडलं तर क्रॉन मेल पाठवेल. क्रॉन आकडा बघून मेल पाठवत नाही, कामाने काही छापलं तर पाठवते. गुपचूप बिघडलेलं काम गुपचूपच राहतं.

गणपतीला गावी गेलो होतो तेव्हा आप्पांना मोबाईलवर नव्या स्क्रिप्टचा मेसेज दाखवला. मी लिहिलं होतं 'नाही सापडलं'. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "कुठे शोधलं?" मी म्हटलं सर्व्हरवर. "सर्व्हरवर कुठे? कुठल्या तारखेचं? किती वाजता?" ते म्हणाले की आम्ही नुसता 'आढळ होत नाही' असा शेरा कधी मारला नाही, कुठलं गाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचं दप्तर पाहिलं, कोणी पाहिलं, खाली सही आणि तारीख. त्याशिवाय त्या कागदाला किंमत नसते, कारण पुढच्या माणसाला कळायला पाहिजे की काय बघायचं राहिलंय.

मी तिथेच ओसरीवर बसून बदल केला. आता मेसेजात फोल्डरचा पूर्ण पत्ता येतो, कुठल्या तारखेची आणि कुठल्या नावाची पानं शोधली ते येतं, वेळ येते, आकडा येतो. दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो होतो, त्यांच्या वहीतल्या त्या पुसट नावाच्या पानासमोर त्यांनी काय लिहिलंय ते बघितलं: 'नाव लागत नाही. १९५२ ते १९५६च्या अनुक्रमणिका पाहिल्या. १९५७चा अंक बाइंडरकडे, यायचा आहे.'